विश्लेषण : ‘पित्त झाले’ म्हणण्याआधी नाडी का पाहावी?

रात्री साडेदहाला जेवण, अकराला अंथरूण. बाराच्या सुमारास छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी आणि त्याबरोबर काळजाची धडधड. घरातले म्हणतात, ‘पित्त झाले असेल, सोडा घे.’ सोडा घेतला की ढेकर येते, थोडे बरे वाटते आणि विषय तिथेच संपतो. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात, परभणी-वसमत रस्त्यावर असलेल्या हट्टा गावात काय किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात काय, हा प्रसंग कोणालाच नवा वाटणार नाही.

बहुतेक वेळा ते खरोखर पित्तच असते. पण काही जणांच्या बाबतीत ती धडधड पित्ताची नसते. हृदयाचा ठोका बेताल झालेला असतो. त्या आजाराचे नाव ‘एट्रियल फिब्रिलेशन’, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एएफ’. तो पित्ताच्या नावाखाली वर्षानुवर्षे लपून राहिला, तर एक दिवस थेट लकवा होऊनच समोर येऊ शकतो. पित्त आणि बेताल ठोका हे दोन्ही आजार बऱ्याच अंशी एकाच प्रकारच्या राहणीतून बळावतात आणि त्याच सवयी बदलल्या की आटोक्यात येतात. मात्र सवयी बदलण्याआधी आजार ओळखायला हवा.

ठोका बेताल होतो म्हणजे काय?

हृदयाचे वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन पावतात आणि रक्त खालच्या कप्प्यांत ढकलतात. एएफमध्ये वरच्या कप्प्यांची लय बिघडते. ते नीट आकुंचन न पावता मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातले काहीच संदेश पोहोचतात, तेही अनियमित. त्यामुळे नाडी कधी जलद, कधी सावकाश लागते, मध्येच ठोका चुकल्यासारखे वाटते. दम लागतो, थकवा येतो, चक्कर येते. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही.

खरा धोका धडधडीचा नसतो. वरच्या कप्प्यात रक्त साचून राहते, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली की पक्षाघात होतो. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा सुमारे पाच पट असतो. वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, थायरॉइडचा वाढलेला जोर आणि दारू ही त्याची नेहमीची कारणे. भारतात आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. लहानपणी होणाऱ्या सांधेतापाने हृदयाची झडप आकसते आणि तरुण वयातच, त्यातही अनेक स्त्रियांमध्ये, ठोका बेताल होतो. त्यामुळे हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही.

पोटाचा आणि हृदयाचा संबंध काय?

अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला जवळजवळ खेटूनच खाली उतरते. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की जठरातले आम्ल वर चढते. जळजळ, करपट ढेकर, घशाशी येणे हा त्याचाच परिणाम. शिवाय पोट आणि हृदय या दोन्हींवर ‘व्हेगस’ या एकाच चेतातंतूचा ताबा असतो. पोट तट्ट फुगले किंवा अन्ननलिकेची आग झाली की हा तंतू चाळवला जातो आणि मुळातच नाजूक झालेल्या हृदयाची लय बिघडू शकते. पोटातल्या गॅसमुळे धडधड होते, हे निरीक्षण जर्मन डॉक्टर लुडविग रोमहेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मांडले होते.

पित्ताचा त्रास असलेल्यांमध्ये एएफ काहीसे अधिक आढळते, असे अनेक अभ्यास सांगतात. पण पित्तामुळेच एएफ होते, हे सिद्ध झालेले नाही. वजन, वय, दारू, झोपेतले घोरणे ही दोन्हींची सामाईक कारणे आहेत. म्हणून पित्त बरे केले की हृदय आपोआप बरे होईल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पित्त आटोक्यात राहिले तर एएफच्या काही रुग्णांची धडधड कमी होऊ शकते, इतकेच खात्रीने म्हणता येते.

जेवणाची वेळ एवढी महत्त्वाची का?

पित्तावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर. भरल्या पोटी आडवे झाले की आम्लाला वर चढायला वाट मोकळी होते. जेवण हलके असावे, दोन घास कमी असावे. पोट भरपूर ताणले गेले की झडपेवर दाब येतो.

सल्ला सोपा आहे, पण तो पाळण्याची सोय सगळ्यांना नसते. शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात ऊस, हळद किंवा गव्हाला पाणी द्यायचे तर शेतकऱ्याचे जेवण आणि झोप दोन्हींचा बोऱ्या वाजतो. तुटलेली झोप हृदयाला मानवत नाही आणि अवेळी जेवण पोटाला मानवत नाही. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली आहे. तिची चर्चा युनिट आणि अनुदानाच्या भाषेत होते. ती आरोग्याचीही योजना आहे, हे कोणी बोलत नाही.

तोवर एक मध्यम मार्ग आहे. रात्रपाळी असेल त्या दिवशी मुख्य जेवण संध्याकाळी सात-साडेसातलाच उरकावे. शेतातून परतल्यावर भूक लागली तर मूठभर लाह्या किंवा केळे खावे, ताट वाढून घेऊ नये. लग्नसराईत आणि भंडाऱ्यात उशिरा जेवावेच लागले तर पंगतीतून थेट अंथरुणात जाऊ नये.

पित्ताचा त्रास रात्रीच होत असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उचलावी. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते आणि पोट दाबले जाते, त्याचा उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपल्याने जठर अन्ननलिकेच्या खाली राहते आणि आम्ल वर चढणे कमी होते.

ताटात काय असावे, काय नसावे?

ज्वारीची भाकरी, वरण, साधी भाजी, मोड आलेली कडधान्ये, कमी तेल हा मराठवाड्याचा जुना आहार दोन्ही आजारांना मानवणारा आहे. त्यात चोथा भरपूर, पोट लवकर भरते आणि वजन ताब्यात राहते. गडबड होते ती भाकरीभोवती जमा झालेल्या गोष्टींनी. तेलाचा तवंग असलेला रस्सा, रोजचा भजी-वडा, ठेचा, लोणचे, पापड. तळलेले अन्न जठरात जास्त वेळ राहते, त्यामुळे आम्लाला वर येण्यास अधिक संधी मिळते. तिखट प्रत्येकालाच बाधते असे नाही. ज्याला बाधते त्याने कमी करावे, बाकीच्यांनी विनाकारण अळणी जेवू नये.

मिठाचे मात्र सगळ्यांनाच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ पोटात जावे. लोणचे, पापड, फरसाण यांतून ते नकळत वाढते, रक्तदाब चढतो आणि उच्च रक्तदाब हे एएफचे एक मोठे कारण आहे. पित्तावर घेतला जाणारा खाण्याचा सोडा आणि फसफसणारी पाकिटे यांतही सोडिअम असते. एखाद्या वेळी घेतले तर बिघडत नाही. पण रोज रात्री सोडा लागत असेल तर तो उपाय राहिलेला नाही, डॉक्टरकडे जाण्याची खूण झाली आहे.

थंड दुधाने पित्त शमते, हा समज अर्धा खरा आहे. दूध पोटात गेल्यावर थोडा वेळ बरे वाटते, नंतर जठर पुन्हा आम्ल तयार करते. झोपताना पेलाभर सायीचे दूध पिणे म्हणजे झोपेआधी पुन्हा जेवणेच. चहाचेही तसेच. सकाळी उपाशीपोटी चहा घेतला की काहींना जळजळ होते, त्यांनी आधी काही खाऊन घ्यावे. चहा-कॉफीने एएफ होते असा मात्र पुरावा नाही, बेताचे प्रमाण बहुतेकांना चालते. एखाद्याला कॉफीनंतर हमखास धडधड होत असेल तर त्याने ती टाळावी.

उपवासाचाही विचार करावा. दिवसभर निर्जळी आणि रात्री साबुदाणा, शेंगदाणे, तळलेले वेफर्स असा उपवास पोटाला विश्रांती देत नाही, उलट त्रास देतो. रक्तदाब, साखर किंवा हृदयाच्या गोळ्या सुरू असतील तर उपवासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या, हे आधीच डॉक्टरला विचारून ठेवावे.

पुरावा सर्वांत भक्कम कशाचा आहे?

वजनाचा. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये ३५५ जाडजूड एएफ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी आपले वजन दहा टक्के किंवा त्याहून अधिक घटवले आणि टिकवले, त्यांचा ठोका सुरळीत राहण्याची शक्यता इतरांच्या सहा पट होती. ज्यांचे वजन वरखाली होत राहिले, त्यांचा फायदा कमी झाला. ऐंशी किलोच्या माणसासाठी दहा टक्के म्हणजे आठ किलो. महिन्याभरात उतरवण्याची ही गोष्ट नाही, पण वर्षभरात जमण्यासारखी आहे. पोटावरची चरबी घटली की जठरावरचा दाबही उतरतो, म्हणजे पित्तालाही त्याचा गुण येतो.

दुसरा पुरावा दारूचा. ऑस्ट्रेलियातच नियमित दारू पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने दारू सोडायची, दुसऱ्याने चालू ठेवायची. २०२० मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांत दारू चालू ठेवणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना एएफ पुन्हा झाले, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ या गप्पा एएफच्या रुग्णाने विसरून जाव्यात. दारूने अन्ननलिकेची झडपही सैल पडते.

तंबाखूचे नुकसानही दुहेरी आहे. निकोटीनमुळे ठोका आणि रक्तदाब वाढतो, तीच झडप ढिली होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुन्याची चिमूट घरोघरी आहे आणि ‘तंबाखूने पोट साफ होते’ हा समजही.

घोरण्याकडेही विनोद म्हणून पाहू नये. झोपेत घोरता घोरता श्वास अडखळत असेल, दिवसा पेंग येत असेल तर तो झोपेतला श्वासरोध असू शकतो. त्याचा एएफशी आणि पित्ताशीही संबंध आहे.

व्यायामात रोज अर्धा तास झपझप चालणे पुरेसे आहे. शेतात दिवसभर राबणाऱ्याला ते वेगळे करावे लागणार नाही. दुकानात, कार्यालयात बसणाऱ्यांना लागेल. योगाबद्दल २०१३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस येथील डॉक्टरांनी ४९ रुग्णांचा अभ्यास मांडला. आठवड्यातून दोनदा योग केल्यावर तीन महिन्यांत त्यांना जाणवणारे एएफचे झटके कमी झाले. अभ्यास छोटा होता आणि रुग्णांची औषधे सुरूच होती, हे लक्षात ठेवावे. जेवल्यावर लगेच किंवा पोटावर ताण येईल अशी आसने पित्ताच्या रुग्णाने करू नयेत.

हळद, पालेभाजी आणि रक्त पातळ करणारी गोळी

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साहजिकच या भागात हळदीवर जीव आहे. भाजी-वरणातली हळद कोणीही खुशाल खावी. प्रश्न आहे तो ‘सांधेदुखीवर’, ‘रक्तशुद्धीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलचा. न्यूझीलंडच्या औषध-सुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये एका रुग्णाच्या निमित्ताने इशारा दिला होता. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या या रुग्णाने हळदीचे उत्पादन सुरू केले आणि त्याचा ‘आयएनआर’ दहाच्या वर गेला. हा आकडा साधारणपणे दोन ते तीन असावा लागतो. दहाच्या वर म्हणजे आत कुठेही रक्तस्राव होण्याची भीती. जे पीक तालुक्याची ओळख आहे, त्याचा अर्क औषधासारखाच जपून घ्यायला हवा.

पालेभाजीबद्दल उलटी चूक होते. वॉरफरिन किंवा एसिनोकूमरॉल सुरू झाले की ‘हिरवे बंद’ असे घरचे ठरवतात. पालक, मेथी, कोथिंबीर यांतले ‘के’ जीवनसत्त्व या गोळ्यांचा परिणाम कमी करते, हे खरे. पण भाजी बंद करायची गरज नाही, प्रमाण रोज सारखे ठेवायची आहे. आठवडाभर काही नाही आणि रविवारी दोन जुड्या, असे केल्याने आकडा हलतो. नव्या पिढीतल्या गोळ्यांना हे बंधन नाही. मात्र झडप आकसलेल्या रुग्णांना जुनीच गोळी द्यावी लागते, त्यामुळे कोणाला कोणती गोळी हे डॉक्टरच ठरवतील. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. गुठळी टाळण्यासाठी ॲस्पिरिन हा या गोळ्यांचा पर्याय नाही. आणि अंगदुखीवर मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पित्त तर त्या वाढवतातच.

पित्ताच्या गोळीचेही दोन पैलू आहेत. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या गोळ्या योग्य कारणासाठी उत्तम आहेत. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर पोट जपण्यासाठी डॉक्टर मुद्दाम त्या देतात, तेव्हा त्या मनाने बंद करू नयेत. पण चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे घेतल्याने काहींच्या रक्तातले मॅग्नेशिअम घटते आणि ते घटले की ठोका बिघडू शकतो. म्हणजे ज्या धडधडीसाठी गोळी घेतली, तीच वाढण्याची शक्यता. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांनीही झडप सैल होऊन जळजळ वाढते. अशा वेळी गोळी थांबवू नये, डॉक्टरला सांगून बदलून घ्यावी.

पित्त समजून कधी थांबू नये?

छातीत दाबल्यासारखे दुखणे, दुखणे हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, घाम फुटणे, दम लागणे, भोवळ येणे, यातले काहीही झाले तर सोडा घेऊन वाट पाहू नये. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका नुसत्या अपचनासारखाही वाटू शकतो. तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यातही सीटी स्कॅन आधी व्हावा लागतो. त्यामुळे १०८ ला फोन करताना आणि रुग्णालय निवडताना ‘सीटी स्कॅन आहे का’ हे विचारावे. गिळताना अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन घटणे हेही साधे पित्त नव्हे.

नाडी कशी पाहायची?

पाच मिनिटे शांत बसावे. एका हाताची पहिली दोन बोटे दुसऱ्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला हलकेच ठेवावीत. पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. आकड्यापेक्षा लय महत्त्वाची. ठोके घड्याळासारखे सारख्या अंतराने येतात की कसेही, हे पाहायचे. एखादा ठोका चुकणे नेहमीचे आहे. पण ताल अजिबातच सापडत नसेल तर ईसीजी काढून घ्यावा. धडधड सुरू असतानाच काढलेला ईसीजी सर्वांत उपयोगी, कारण एएफ येते-जाते. घरच्या डिजिटल रक्तदाब यंत्रांपैकी काही बेताल ठोक्याची खूण दाखवतात, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

व्यवस्थेने काय करायला हवे?

गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतील दोन वर्षांच्या मृत्यूंची कारणे तपासली. २०११ ते २०१३ या काळातील १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. त्या गावांत मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. यातले सगळेच एएफमुळे झाले नव्हते, रक्तदाबाचा वाटा मोठा असतो. पण पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे, हा समज त्या आकड्यांनी खोडला.

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम गावोगावी सुरू आहे. आशा सेविका घरी येते, उपकेंद्रात यंत्र असते. त्याच वेळी ज्येष्ठांच्या मनगटावर एक मिनिट बोटे ठेवली तर खर्च शून्य. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना पासष्टीपुढच्या प्रत्येकाची नाडी भेटीत पाहावी असे सांगतात. हे आपल्याकडे न करण्यास यंत्राची किंवा पैशाची सबब नाही. अडचण पुढची आहे. बेताल नाडी सापडली तर जवळच ईसीजी, रक्त पातळ करणारी गोळी आणि आयएनआरची तपासणी मिळायला हवी. दर महिन्याला त्यासाठी नांदेड किंवा परभणी गाठावे लागले, रोज बुडाला, भाडे गेले, तर तिसऱ्या महिन्यात गोळी बंद होते. गोळी बंद झाली की आहारातले कुठलेही पथ्य गुठळी थांबवू शकत नाही.

पथ्य आणि औषध यांत निवड करायची नसते. लवकर आणि बेताचे जेवण, उतरलेले वजन, सुटलेली दारू-तंबाखू आणि पुरेशी झोप यांनी जळजळही कमी होते आणि ठोकाही सावरतो. पण त्याआधी ठोका बिघडला आहे की नाही, हे कळायला हवे. त्यासाठी रात्री पुढच्या वेळी सोड्याचे पाकीट फोडण्याआधी एक मिनिट मनगट धरून पाहावे.